चाळीस सेकंदांची नोंद

सातव्यांदा चाळणीनं माझं वाक्य फेकून दिलं, तेव्हा मी लॅपटॉप असा काही आपटून मिटला की आतून माझ्या नवऱ्यानं, दिगंबरनं, विचारलं, "काय फुटलं?"

"माझं डोकं."

हल्ली आमच्या घरात संभाषण एवढंच व्हायचं. आठ महिन्यांपूर्वी त्याची नोकरी गेली, आणि ती माझ्यामुळे गेली हे दोघांनाही माहीत होतं. दोघंही ते उच्चारत नव्हतो, झालं.

गुरुवार होता. सोमवारी सकाळी नऊ वाजता आमच्या कंपनीचे एजंट चार जिल्ह्यांतल्या सर्पदंशाच्या इंजेक्शनांच्या साठ्याच्या डेटाबेसवर सोडायचे होते. आणि त्या एजंटांच्या हातात जी पुस्तिका जाणार होती, त्यात हवं ते एक वाक्य नव्हतं.

माझं काम काय ते आधी सांगते, नाहीतर हा त्रागा कशापायी ते कळायचं नाही. मी पुस्तिका लिहिते. मॅन्युअल. डेटाबेसला कुठे भोकं आहेत का ते तपासायची हत्यारं असतात, ती कशी वापरायची ते लिहिते. सव्वीस वर्षं हेच करते आहे, आणि त्यातली पहिली वीस वर्षं माझं एक अक्षर कोणी वाचलं नाही. माणसं मॅन्युअल वाचत नाहीत. अडलं की शेजारच्याला विचारतात. मग एजंट आले. एजंट म्हणजे स्वतःच्या पायांनी चालणारा प्रोग्रॅम. त्याला काम सांगायचं, हत्यार द्यायचं आणि ते कसं चालवायचं ते लिहून द्यायचं. तो काना-मात्रेसकट सगळं वाचतो आणि लिहिलंय तेच करतो. लिहिलं नाही ते त्याच्यासाठी या जगात नाही. वीस वर्षं वाचक मिळावा म्हणून तळमळले, आणि मिळाला तो हा असा.

आमच्या हत्याराचं नाव टिचकी. बाजारात मडकं घेताना बाई टिचकी मारून बघते ना, तसंच. त्याच्या नऊ पायऱ्या आहेत. आपल्याला घेणंदेणं चौथीशी. डेटाबेसमध्ये टेबलं असतात, म्हणजे रकाने आखलेल्या वह्याच. कोणी त्यात लिहू शकतो, कोणी फक्त वाचू शकतो. चौथी पायरी अशी: ज्याला फक्त वाचायची परवानगी आहे त्याच्या नावानं आत शिरायचं आणि एक खोटी नोंद घालून बघायची. नोंद पडली नाही तर कुलूप ठीक आहे. पडली तर भोक सापडलं. मग नोंद लगेच काढून टाकायची. हे डेटाबेसच्या नकलेवर करून भागत नाही, कारण नकलेची कुलपं वेगळी असतात. जिवंत डेटाबेसवरच करावं लागतं.

आता साठ्याच्या टेबलाकडे सतत कोणीतरी बघत असतं. सापानं चावलेला माणूस गाडीत घातला की अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर स्क्रीनवर बघतो, जवळच्या कुठल्या आरोग्य केंद्रात किती बाटल्या आहेत, आणि तिकडे गाडी वळवतो. म्हणून माझं वाक्य होतं: 'ज्या टेबलाकडे बघून कोणी त्याच क्षणी निर्णय घेत असेल, तिथे चौथी पायरी करण्याआधी साठा सांभाळणाऱ्याला फोन करून स्क्रीन थांबवून घ्यावा.' यात न कळण्यासारखं काय आहे? एजंटला फोन करता येतो. माझ्यापेक्षा नम्रपणे बोलतो.

पण मध्ये बसली ती चाळणी. गेल्या महिन्यात कंपनीनं आणलेलं नवं शास्त्र. पुस्तिकेतलं एक वाक्य काढायचं, एजंटला लुटुपुटूच्या डेटाबेसवर शंभर वेळा काम करायला लावायचं, आणि निकालात काही फरक पडतो का ते बघायचं. फरक पडला तर वाक्य ठेवायचं, नाही तर कचरा. असं प्रत्येक वाक्याचं. माझ्या पुस्तिकेतली तीनशे अकरा वाक्यं अशी गेली आणि खरं सांगायचं तर तीनशे दहा गेली ते बरंच झालं. पण लुटुपुटूच्या डेटाबेसमध्ये साप नाही, गाडी नाही, माणूस नाही. तिथे फोन करणाऱ्या एजंटला फक्त उशीर होतो आणि भोकं कमी सापडतात. त्यामुळे चाळणीनं नुसतं वाक्य काढलं नाही, वर शेरा मारला: 'अपायकारक. वगळले.'

मी सात तऱ्हांनी लिहून पाठवलं. सातही वेळा तोच शेरा.

मग शौनकला फोन लावला. शौनक माझा साहेब, पुण्यात बसतो, माझ्याहून वीस वर्षांनी लहान.

"हेमलतामॅडम, मला तुमचा मुद्दा शंभर टक्के पटतो," तो म्हणाला. शंभर टक्के पटतो म्हणाला की समजायचं, काही होणार नाही.

"मग ठेव ना वाक्य."

"चाळणीच्या पुढे मला नाही जाता येत. तसं सुरू केलं तर प्रत्येक जण म्हणेल माझं ठेवा."

"अरे, दिगंबर वर्षातून दोनदा ही पायरी करायचा. तुझे एजंट तासातासाला करणार. कधीतरी एखाद्या गाडीला ती खोटी नोंद दिसणारच."

"आजपर्यंत दिसलीय का? तसं असेल तर मार्ग आहे." त्यानं एक फॉर्म पाठवला. घटनेचा दाखला. असं खरोखर घडलं होतं हे लेखी दिलं तर ते वाक्य चाळणीतून न जाता थेट पुस्तिकेत जातं. तीनच रकाने होते: काय घडलं, चाचणी कोणी केली, आणि परिणाम डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार. खाली दोघांच्या सह्या. "रविवारी संध्याकाळी सहापर्यंत द्या," शौनक म्हणाला. "सोमवारी मग माझ्या हातात नाही."

मला आठवत होतं की दिगंबरनं कधीतरी अ‍ॅम्ब्युलन्सचं काहीतरी सांगितलं होतं. म्हटलं, चला, अर्धं काम झालं. मी किती मूर्ख ते बघा.

दिगंबर बावीस वर्षं त्याच कंपनीत टिचकी चालवायचा. तिथेच आमची ओळख झाली, म्हणून मी त्याला अरे-तुरे करते. सासूबाईंना ते अखेरपर्यंत रुचलं नाही. दोन वर्षांपूर्वी कंपनीनं मला सांगितलं की त्याच्या डोक्यात आहे ते सगळं कागदावर आणा, एजंटसाठी. मी आणलं. रोज सकाळी स्वयंपाकघरात फोनचं रेकॉर्डिंग लावून बसायचे आणि तो पोळ्या लाटता लाटता सांगायचा. पण त्याला सरळ सांगताच येत नाही. 'एकदा काय झालं' शिवाय वाक्य सुरू होत नाही. कोण होतं, पाऊस होता का, कुणाच्या डब्यात काय होतं, सगळं. मी त्यातला नियम तेवढा उचलायचे आणि गोष्ट टाकून द्यायचे. माझा हात त्यावरच तयार झालाय. एक्केचाळीस तासांच्या गप्पांची मी वर्षभर खपून बावन्न पानं केली, सगळ्यांनी वाहवा केली, आणि तीन महिन्यांनी कंपनीनं त्याला सांगितलं की आता तुमची गरज नाही. निरोपाला पुष्पगुच्छ दिला. तो त्यानं घरी येताना रिक्षातच ठेवला.

तर गुरुवारी संध्याकाळी तो पाटावर बसून ओले काजू सोलत होता. बोटं चिकानं काळी झालेली. मी फॉर्म समोर धरला.

"ती अ‍ॅम्ब्युलन्सची भानगड. कधी झाली होती? कोण टेस्टर होता?"

"आठवत नाही."

"तुला? तुला चौथीतल्या बाकावर शेजारी कोण होतं तेही आठवतं."

"कागदोपत्री काही नाही त्याचं. सोड."

"सोड कसं? सोमवारी एजंट लागतायत. एखादा माणूस जाईल, दिगंबर. नुसतं नाव सांग, मी बघते पुढचं."

त्यानं सुरी खाली ठेवली. "माझ्या डोक्यात होतं नव्हतं ते सगळं काढून नेलंस. आता सहीपण हवी?"

आठ महिने गिळलेलं शेवटी बाहेर आलं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मला रागच आला. मी म्हटलं, "तुझ्या रुसव्यापायी उद्या कोणी मेलं तर सांगशील त्याच्या बायकोला, की मला सोडून दिलं म्हणून मी सांगितलं नाही?" तो उठला आणि हात धुवायला गेला. बराच वेळ नळ चालू होता. त्या रात्री आम्ही वेगवेगळ्या वेळी जेवलो.

शुक्रवारी मी रजा टाकली आणि जुनी रेकॉर्डिंगं काढली. एक्केचाळीस तासांत ती गोष्ट शोधायची म्हणजे गवताच्या गंजीत सुई. दुपारी तीनला सापडली. दिगंबरचा आवाज, मागे पोळपाटाची खडखड.

"एकदा काय झालं, कासारमाळ केंद्राच्या नावावर एका टेस्टरनं खोटी नोंद घातली. पंचवीस बाटल्या. टिचकीला खऱ्या केंद्राचं नाव आणि शून्यापेक्षा मोठा आकडा लागतो, म्हणून पहिलं दिसलं ते घेतलं. जुनी यंत्रणा, एकदा पडली की नोंद पक्कीच. काढून टाकेपर्यंत चाळीस सेकंद गेले. तेवढ्यात एका ड्रायव्हरनं स्क्रीन बघितला. कासारमाळला खरं तर शून्य होतं, भरलेला साठा होता उलट्या दिशेला, वडकोंडला. पण त्याला पंचवीस दिसले, आणि तो घाटात शिरला. घाटात रेंज नाही. म्हणजे नंतर शून्य झालं ते त्याला—"

आणि मग माझा आवाज. "दिगंबर, मुद्द्यावर ये."

खडखड थांबलेली. पुढे कितीतरी वेळ काहीच नाही, कुकरची एक शिटी. मग तो म्हणाला, "मुद्दा एवढाच, की आधी फोन करावा."

मी ते तीनदा ऐकलं. चाळीस सेकंद. हे कोणी मोजलं? टिचकी काम झालं की स्वतःच्या खुणा पुसून टाकते, नोंदवहीत काही उरत नाही. तसं मीच लिहिलंय, पान सदतीस. नोंद कधी घातली आणि कधी काढली हे ज्यानं घातली आणि काढली त्यालाच माहीत असणार. दुसऱ्या कोणालाच नाही.

माणूस दोन वर्षांपूर्वी माझ्यासमोर तोंड उघडत होता आणि मी त्याला मुद्द्यावर ये म्हटलं. मला स्वतःची एवढी चीड याआधी कधी आली नव्हती.

शनिवारी सकाळी मी चहा त्याच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "तूच होतास ना?"

तो नाही म्हणाला नाही. "नऊ वर्षं झाली," एवढंच बोलला. मग हळूहळू सगळं आलं. भातकापणीचे दिवस. सोनू रहाटे नावाचा माणूस, वय चौतीस, पेंढा उचलताना नाग चावला. नागाचं विष श्वासावर जातं, तासाचा खेळ. गाडी कासारमाळला पोचली तर तिथे एक बाटली नाही. परत फिरवली. वडकोंडच्या अलीकडे दोन वळणांवर तो गेला. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी होत्या, त्यात वेळ होती. दिगंबरनं आपली वेळ ताडून बघितली.

"आणि तू कोणालाच सांगितलं नाहीस?"

"चौकशी झाली. ड्रायव्हर म्हणत होता मला पंचवीस दिसले. यंत्रणेत बघितलं तर शून्य. दिवसभर शून्यच. सगळे म्हणाले खोटं बोलतो, नाहीतर प्यायला असेल. त्याला काढलं." दिगंबर कपाकडे बघत होता. "मला एक फोन करायचा होता फक्त. रोज ठरवायचो. मग महिना झाला, मग वर्ष झालं, आणि नंतर तर सांगायचं कसं तेच कळेना. त्यानंतर मात्र प्रत्येक वेळी आधी फोन करत गेलो. एकदाही चुकलो नाही."

मी त्याला बोल बोल बोलले. वीस वर्षं एका ताटात जेवतोय आणि हे पोटात ठेवलंस? त्या ड्रायव्हरचा संसार? तो ऐकत राहिला. शेवटी माझंच तोंड दुखलं. मग त्यानं फॉर्म ओढला, दुसऱ्या रकान्यात स्वतःचं पूर्ण नाव घातलं, दिगंबर भास्कर तेंडोलकर, आणि खाली सही केली. पहिल्या रकान्यात त्यानं दीड पान मजकूर लिहिला. मी वाचला आणि त्यातलं काही काढलं नाही.

राहिला साक्षीदार. ती खोटी नोंद डोळ्यांनी पाहिलेला माणूस अख्ख्या जगात एकच होता.

त्या ड्रायव्हरचं, वामन गुरवाचं, गाव देवरुखच्या पुढे आत आहे. रविवारी अकराला पोचलो. सोनू रहाटेही याच गावचा, हे दिगंबरला माहीत होतं, मला नव्हतं. वामन देवळाच्या अंगणात झाडू मारत होता. पन्नाशीचा, किडकिडीत, जाड काचांचा चष्मा. नोकरी गेल्यावर तो गावी येऊन देवळाची पूजाअर्चा बघायला लागला होता.

दिगंबरनं चप्पल काढली आणि उभ्या उभ्याच सांगितलं. मी मान खाली घालून उभी होते.

"पंचवीस व्हतं?" वामननं विचारलं.

"होतं. मी घातलं होतं."

"परत सांगा."

दिगंबरनं परत सांगितलं. वामन शेजारच्या आपल्या घराच्या ओसरीकडे वळून म्हणाला, "अगो, भायेर ये." त्याची बायको पदराला हात पुसत आली. "आता हिला सांगा." तिसऱ्यांदा सांगितलं. बाई खांबाला टेकून खाली बसली.

मी फॉर्म पुढे केला. का हवाय ते सांगितलं, उद्या सकाळी काय सुरू होणार ते सांगितलं, सहा वाजायच्या आत पाठवायचाय म्हटलं. सांगताना मलाच लाज वाटत होती. नऊ वर्षांनी आलो ते आलो, तेही आपलंच काम घेऊन आणि घड्याळ लावून.

वामननं कागद हातात घेतला नाही. "सही करीन वैनी. माझं जे झालं ते दुसऱ्या कुणाचं व्हायला नको. पण आदी गावकीत सांगायचं. आज तीन वाजता बसनार हाय, शिमग्याची."

गावकी म्हणजे सगळ्या मानकऱ्यांची बैठक. शिमग्याला देवाची पालखी निघायच्या आधी ती देवळात बसते आणि कोणाचा कुठला मान ते ठरतं. पालखीत देवाची रूपं, म्हणजे चांदीचे मुखवटे, लावायचा मान वामनच्या घराचा, पिढ्यान् पिढ्या. सोनू गेल्यावर गावानं तो काढून त्याच्या चुलतभावाला दिला होता. गावचाच माणूस गावच्याच गाडीवाल्यानं मारला, असंच सगळे धरून चालले होते.

"तिथे सोनूची माणसं असतील," दिगंबर म्हणाला.

"असनार. भाऊ हाय त्याचा, शिवरामदादा. तोच मुख्य मानकरी."

मी दिगंबरला बाजूला घेतलं. खरं सांगते, मी त्याला म्हटलं, चल जाऊ. शौनकच्या पाया पडते, आणखी काहीतरी मार्ग निघेल. कागदावर सही करणं वेगळं आणि त्या माणसाच्या सख्ख्या भावापुढे उभं राहणं वेगळं. मला भीती वाटत होती. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "उद्या नऊला एजंट लागणार ना?"

"लागणार."

"मग तीनला बसू."

देवळात साठ-सत्तर माणसं होती. बायका आत बसत नाहीत. मी पायरीवर बसले, तिथून सगळं दिसत होतं. पालखीचा मार्ग ठरला, ढोलवाले ठरले. मग वामन उठून म्हणाला, ह्या पावन्यांना काय सांगायचं हाय. दिगंबर उभा राहिला.

त्यानं सुरुवात केली आणि मला कळेना हा शेवटापर्यंत पोचणार कसा. टिचकी म्हणजे काय, टेबल म्हणजे काय. पण त्यानं ते असं सांगितलं की कोणीही समजावं: "तुमच्या देवळाच्या वहीत कोण काय लिहू शकतो ते बघायला मी खोटंच एक नाव लिहिलं, आणि खोडलं. त्या मधल्या वेळात वामननं वही वाचली." मग पंचवीस, मग चाळीस सेकंद, मग घाट. शेवटी म्हणाला, "वडकोंडला गाडी गेली असती तर सोनू वाचला असता. वामनची चूक नव्हती. माझी होती. मी तेव्हा बोललो नाही, कारण मला भीती वाटली."

एक तरणा मुलगा ताडकन उठला आणि पुढे आला. शिवराम रहाटेनं नुसता हात वर केला. तो मुलगा धुमसत खाली बसला. शिवराम साठीचा असेल. दिगंबर बसायला लागला तसा तो म्हणाला, "तुमी बसू नका. उभेच ऱ्हावा."

दिगंबर उभा राहिला.

"वामन सांगत व्हता आमास," शिवराम सगळ्यांकडे बघत म्हणाला. "ह्याच देवापुढं हात ठेवून सांगत व्हता, पंचवीस दिसलं. आनि मी त्याला ह्याच देवापुढून उठवला." कोणीतरी पाणी दिलं. ते त्यानं घेतलं नाही. म्हणाला, "वामना, शिमग्याला रूपं तू लाव."

सगळे वामनकडे बघायला लागले. वामन म्हणाला, "ते मागनं बगू दादा," आणि बाहेर येऊन माझ्या शेजारी पायरीवर बसला. "कुठं सही, वैनी?"

साडेपाच वाजले होते. त्यानं तिसऱ्या रकान्यात एकच ओळ लिहिली, ठळक अक्षरात: 'मी पंचवीस बघितले.' खाली सही. मी फोटो काढला, रेंजसाठी अंगणाच्या टोकाला तुळशीवृंदावनाजवळ जाऊन उभी राहिले आणि पाठवला. सहाला चार मिनिटं असताना शौनकचं उत्तर आलं. वाक्य मान्य, चौथ्या पायरीत, जसंच्या तसं. आणि उद्या आमचे वकील तुमच्या मिस्टरांशी बोलतील. सात वेळा जे वाक्य अपायकारक होतं, ते आठव्या वेळेला अनिवार्य झालं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त रडू येत होतं, आणि कोणावर चिडावं ते कळत नव्हतं.

मी पायरीपाशी परत आले आणि वामनला सांगितलं की झालं काम, आता यंत्र आधी फोन करेल. त्यानं मान हलवली. चष्मा काढून धोतराच्या टोकानं पुसला आणि तसाच हातात धरून बसला.

"तीनदा डोळे तपासून घेतले मी, वैनी," तो म्हणाला. "देवरुखला, रत्नागिरीला, शेवटी कोल्हापूरला. डॉक्टर म्हनायचे, नजर चांगली हाय, चष्म्यातनं लांबचं, जवळचं बरोबर दिसतंय. मंग मी म्हटलं, तर डोकंच फिरलं असंल आपलं. दोन वर्सं झाली, बायकोपाशी कबूल केलं. म्हटलं, शून्यच असंल गो. सोनूला मीच मारला."

आत दिगंबर अजून उभाच होता. त्याला बस म्हणायला कोणी पुढे आलं नव्हतं, आणि मीही गेले नाही.